भूकंपाच्या जोखमीचे उघडे गणित

गणिताची उत्तरपत्रिका तपासताना आपण केवळ उत्तर पाहून गुण देत नाही. उत्तर बरोबर असले, पण रीत दाखविलेली नसली, तर मुलाला जवळ बोलावून 'हे कसे आले ते सांग पाहू' असे विचारतो. उत्तर चुकले असले, पण रीत मांडलेली असली, तर चूक कोणत्या पायरीवर झाली ते दाखविता येते आणि मूल ती स्वतः दुरुस्त करू शकते. रीत लपविलेल्या उत्तराला दुरुस्तीची वाट नसते. ते चुकले असल्यास चूक पुष्कळदा नुकसान होऊन गेल्यावरच कळते.

भूकंपाच्या जोखमीचा हिशेब हाही असाच एक गणिताचा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी मिळून हा हिशेब रीतीसह सर्वांपुढे मांडावयास आरंभ केला आहे. हे काम काय आहे, ते कसे चालते आणि त्यात खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा वाटा कोणता, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु त्याचे एक टोक आपल्या गावातील घरांच्या भिंतींत आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

महाराष्ट्राने दोनदा घेतलेला धडा

आपल्या देशात भूकंपाच्या दृष्टीने प्रदेशांची विभागणी करणारा पहिला मानक नकाशा भारतीय मानक संस्थेने १९६२ साली प्रसिद्ध केला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे दख्खनचे पठार हे प्राचीन व स्थिर खडकाचे असल्याने जवळजवळ निर्धोक मानले जाई. हिमालय हलतो, कच्छ हलतो, पण सह्याद्री हलत नाही, असा सर्वसाधारण विश्वास होता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे मोठा भूकंप झाला. त्याचे मान ६.३ ते ६.५ असे सांगितले जाते. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरची वसाहत जमीनदोस्त झाली. जलाशयात पाणी साठविल्यानंतर त्या परिसरात भूकंप होऊ लागतात, या विषयाच्या अभ्यासात कोयनेचे नाव पुढे जगभर घेतले जाऊ लागले. त्यानंतर १९७० साली नकाशा सुधारण्यात आला व कोयनेचा परिसर वरच्या, म्हणजे चौथ्या विभागात घालण्यात आला.

तथापि मराठवाडा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ च्या आसपास मानाचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली. मृतांचे आकडे निरनिराळ्या मोजणीत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत येतात. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. राष्ट्रीय नकाशा पुन्हा बदलला तो २००२ साली. पहिला विभागच त्यातून काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

ज्यांनी हे नकाशे केले त्यांनी आपल्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाप्रमाणेच काम केले, यात शंका नाही. परंतु दोन्ही वेळा नकाशा भूकंपानंतर शिकला. नकाशावरील रंग सर्वांना दिसत होता; तो रंग कोणत्या माहितीवरून आला, ती माहिती किती वर्षांची आहे, तिच्यात किती अनिश्चितता आहे, हे मात्र सामान्य वाचकाला, किंबहुना जिल्ह्याच्या अभियंत्यालाही, पाहता येण्याजोगे नव्हते. उत्तर दिसत होते. रीत दिसत नव्हती.

जोखमीचे तीन घटक

'धोका' आणि 'जोखीम' हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात त्यांत भेद केला जातो. जमीन किती जोराने व किती वेळा हलण्याचा संभव आहे, हा धोका. त्या जमिनीवर किती घरे व किती माणसे आहेत, ही वस्ती. ती घरे हादरा सोसण्यास कितपत असमर्थ आहेत, ही दुर्बलता. या तिन्हींच्या मेळातून जी हानी संभवते ती जोखीम होय. ओसाड वाळवंटात मोठा भूकंप झाला तर धोका आहे, पण जोखीम नाही. याउलट, मध्यम भूकंपानेही किल्लारीसारखा संहार होतो, कारण तेथे दुर्बलता फार मोठी होती.

किल्लारीच्या परिसरातील जुनी घरे कशी होती ते पाहावे. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, दगडांचे दोन थर, मधे खडीमातीची भर, सांधा मातीचा आणि डोक्यावर लाकडी तुळयांवर घातलेले मातीचे जड माळवद. भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही थरांना बांधून ठेवणारे दगड क्वचितच असत. उन्हाळ्यात हे घर थंड राही व पिढ्यान्पिढ्या टिके. म्हणून ते भक्कम समजले जाई. हादरा बसताच मात्र दोन्ही थर एकमेकांपासून फुटून सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. त्याच गावांतील कुडाच्या व पत्र्याच्या झोपड्यांतून राहणारी पुष्कळ गरीब कुटुंबे वाचली. ज्याचे घर जड, तो अधिक संकटात, असा तो विपरीत न्याय होता.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. तीन घटकांपैकी पहिला, म्हणजे जमिनीचा धोका, शोधण्यास भूकंपमापक यंत्रे व भूगर्भाचे ज्ञान लागते. परंतु उरलेले दोन, वस्ती आणि दुर्बलता, हे गावातून डोळसपणे फिरणाऱ्या माणसाला दिसू शकतात.

जगाने मिळून मांडलेला हिशेब

जगाच्या भूकंपधोक्याचा एक एकत्रित नकाशा १९९९ साली पूर्ण झाला होता. तो उपयुक्त होता. परंतु त्यात केवळ धोका होता, जोखीम नव्हती. जोखमीचे हिशेब मुख्यत्वे विमा व्यवसायासाठी काम करणाऱ्या खाजगी संस्थांकडे होते. त्यांची रीत व्यापारी गुपित असे आणि किंमत गरीब देशांना परवडणारी नसे. ज्या देशांत घरे सर्वांत दुर्बल, त्यांच्याकडेच हिशेबाचे साधन नाही, अशी ही अवस्था होती.

ती पालटावी म्हणून २००९ साली इटलीतील पाविया या गावी 'ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. संक्षेपाने तिला 'जेम' म्हणतात. निरनिराळ्या देशांची सरकारी खाती, विद्यापीठे, वैज्ञानिक संस्था व खाजगी संस्था तीत सहभागी झाल्या. या संस्थेने 'ओपनक्वेक' नावाची संगणकाची आज्ञावली सिद्ध केली. आज्ञावली म्हणजे संगणकाने गणित कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या सूचनांची मालिका. सामान्यतः विकत मिळणाऱ्या आज्ञावलीतील या सूचना बंद असतात. आपण ती चालवू शकतो, आत पाहू शकत नाही. ओपनक्वेक ही मुक्तस्रोत आज्ञावली आहे. तिच्यातील प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, तपासता येते, आपल्या कामासाठी बदलता येते. अट एवढीच की, बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावयाची असल्यास केलेले बदलही उघड ठेवावेत. म्हणजे ज्याने दुसऱ्याच्या रीतीचा लाभ घेतला त्याने आपली रीत लपवू नये.

या आज्ञावलीस माहिती पुरविण्याचे कामही वाटून केले जाते. १९०० नंतरच्या जगातील मोठ्या भूकंपांची एक शुद्ध केलेली यादी, त्याआधीच्या शतकांतील भूकंपांच्या ऐतिहासिक नोंदी, जमिनीतील सक्रिय भ्रंशांचा संग्रह, असे पायाचे ग्रंथ अनेक देशांच्या सहकार्याने तयार झाले. धोक्याचा जागतिक नकाशा एका कचेरीत बसून काढलेला नाही. प्रत्येक देशाच्या वा प्रदेशाच्या तज्ज्ञांनी केलेली प्रतिमाने एका चौकटीत आणून, गोधडीप्रमाणे तुकड्यास तुकडा जोडून, तो सिद्ध झाला. भारताच्या भागासाठी खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील शंकरकुमार नाथ व किरणकुमार सिंग थिंगबैजाम यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आधार घेण्यात आला. डिसेंबर २०१८ मध्ये धोका व जोखीम या दोहोंचे जागतिक नकाशे प्रसिद्ध झाले आणि २०२३ साली त्यांची सुधारलेली आवृत्ती निघाली.

मतभेद आणि संभाव्यता

येथे शिक्षकाच्या मनात एक रास्त शंका येईल. इतके तज्ज्ञ एकत्र आले म्हणजे मतभेद होणारच. मग खरे कोणाचे मानावयाचे? एखाद्या भ्रंशावर जास्तीत जास्त किती मोठा भूकंप होऊ शकेल, हादरा अंतराबरोबर किती वेगाने क्षीण होईल, याविषयी जाणकारांत एकमत नसते. अशा वेळी एक मत स्वीकारून बाकीची टाकून देण्याऐवजी या प्रतिमानात सर्व मान्य मते ठेवली जातात आणि प्रत्येकास त्याच्या विश्वसनीयतेनुसार वजन दिले जाते. एकाच निबंधाला दोन परीक्षकांनी निरनिराळे गुण दिले, तर आपण दोन्ही गुण नोंदवून त्यांवरून निर्णय घेतो आणि फरक किती होता हेही लिहून ठेवतो. रीत तीच आहे. या मांडणीस झाडाच्या फांद्यांची उपमा देतात. प्रत्येक मतभेदापाशी एक फांदी फुटते. झाड सर्वांसमोर असल्याने कोणत्या फांदीस किती वजन दिले हे कोणीही पाहू शकतो व त्यास आक्षेपही घेऊ शकतो.

दुसरी शंका अशी की, हे प्रतिमान भूकंप कधी होईल ते सांगते काय? नाही. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची विद्या आज कोणाजवळही नाही, आणि तशी भविष्ये पसरविणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. प्रतिमान सांगते ती संभाव्यता. नकाशावर बहुधा जो हादरा दाखविलेला असतो तो 'पन्नास वर्षांत ओलांडला जाण्याचा संभव शेकडा दहा' या मापाचा असतो. हाच अर्थ 'सरासरी ४७५ वर्षांतून एकदा' या शब्दांतही सांगतात. ४७५ हा आकडा ऐकून माणूस निश्चिंत होतो. शेकडा दहा ऐकून सावध होतो. वस्तुतः दोन्ही एकच आहेत. शाळेची इमारत सुमारे पन्नास वर्षे वापरात राहते असे धरले, तर एकमेकींपासून दूर असलेल्या अशा दहा इमारतींपैकी साधारण एकीला आपल्या आयुष्यात तो हादरा सोसावा लागेल. तो कोणत्या इमारतीच्या वाट्याला येईल हे ठाऊक नाही, म्हणून दहाही भक्कम हव्यात.

भिंतीचा रकाना

आता आपल्या व्यवसायाशी निगडित असलेल्या भागाकडे वळू. पावियात बसलेल्या अभियंत्याला शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील वाडीत कोणत्या प्रकारची किती घरे आहेत हे कसे कळते? भारतातील घरांची माहिती या प्रतिमानासाठी मुख्यत्वे आपल्या जनगणनेच्या घरयादीवरून घेण्यात आली. भिंत कशाची, छप्पर कशाचे, खोल्या किती, हे रकाने आपण प्रगणक म्हणून भरतो. २०११ च्या प्रपत्रात दगडी भिंतीचेही दोन प्रकार होते: चुना-सिमेंटने सांधलेला दगड आणि तसा न सांधलेला दगड. पुष्कळांना हा भेद निरर्थक वाटला असेल. किल्लारीचे वर्णन ज्याने वाचले त्यास त्यातील मर्म सहज कळेल.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट करतो. पुढील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत. समजा, एका वाडीत १०० घरे आहेत: ६० मातीच्या सांध्याच्या दगडी भिंतींची, ३० पक्क्या विटांची, १० कुडाची. एका ठरावीक हादऱ्यात पहिल्या प्रकारातील दहांपैकी चार, दुसऱ्यातील दहांपैकी एक, आणि तिसऱ्यातील एकही घर पडत नाही असे धरू. मग पडणारी घरे २४ अधिक ३, म्हणजे २७. आता प्रगणकाने बाहेरचा गिलावा पाहून दगडी घरेही 'पक्क्या विटांची' अशी लिहिली, तर ९० घरे विटांची होतात आणि हिशेबात पडणारी घरे केवळ ९ येतात. जमिनीचा धोका बदलला नाही, घरे बदलली नाहीत; फक्त एक रकाना चुकला, आणि १८ घरे, त्यांतील माणसांसह, कागदावरून नाहीशी झाली. मदतीचा आराखडा, तंबूंची संख्या, दुरुस्तीसाठी अनुदान, हे सारे त्या कागदावरून ठरावयाचे असते.

ही चूक माझ्या हातूनही घडलेली आहे, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. २००१ च्या जनगणनेच्या वेळी घरयादीचे काम माझ्याकडे होते. उन्हाची वेळ होती, घरे पुष्कळ होती. ओट्यावर बसून पाणी घेतले, समोरची गिलावा केलेली भिंत पाहिली आणि विटांचा आकडा टाकला, असे मी किती वेळा केले ते आज सांगता येणार नाही. तो रकाना कशासाठी आहे हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. आज ते ठाऊक असल्यामुळेच हा लेख लिहीत आहे.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि तिच्या घरयादीचा टप्पा २०२६ सालात ठरविण्यात आला. नोंद आता हातातील यंत्रावर होणार असली तरी भिंत पाहण्याचे काम यंत्र करीत नाही. ते काम प्रगणकाच्या डोळ्यांचे आहे, आणि प्रगणक बहुधा शिक्षक असतो.

मीरा-भाईंदरचे उदाहरण

जिल्ह्याच्या एका टोकाला असलेल्या मीरा-भाईंदरकडे पाहिले असता या हिशेबातील तिन्ही घटक एकाच ठिकाणी दिसतात. २००२ च्या राष्ट्रीय नकाशात मुंबई व ठाणे यांचा समावेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात होता. आसपासची जमीन अगदीच निश्चल आहे असे नाही. १९८३ साली शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरात भूकंपांची मालिका झाली होती. पूर्वी आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या, आता पालघर जिल्ह्यातील, डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून लहान भूकंपांची दीर्घ मालिका सुरू झाली. त्यांतील मोठे धक्के ४ च्या आसपास मानाचे होते. तरीही घरांना तडे गेले, लोक रात्री बाहेर झोपू लागले आणि प्रशासनास तंबू द्यावे लागले.

वस्तीचा विचार केला तर मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ साली सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ साली ८ लाख ९ हजारांवर गेली. वसईची खाडी, मिठागरे व खाजण यांच्या कडेकडेने हे शहर वाढले. मऊ, ओल्या गाळाची जमीन हादरा वाढविते. १९८५ साली मेक्सिको देशात भूकंपाचे केंद्र राजधानीपासून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर होते. तरी जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेल्या त्या शहराच्या भागात शेकडो इमारती पडल्या. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक मजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकांचा तळमजला वाहने उभी करण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींचे ओझे आणि खाली नुसते खांब, अशी ती रचना होती. अशी रचना मीरा-भाईंदरच्या रस्त्यांवर आपणांस ठायी ठायी दिसते. प्रत्येक अशी इमारत दुर्बल असते असे नाही; खांबांची योजना नीट केली असल्यास ती भक्कमही असते. परंतु 'काँक्रीटची' एवढ्या एका शब्दाने तिची नोंद पुरी होत नाही, हे खरे.

याच शहराच्या हद्दीत उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे येथे जुनी कौलारू घरे आहेत, आणि चेणे, काशी या बाजूस आदिवासी पाड्यांवर कुडाच्या भिंती आढळतात. जेमच्या तज्ज्ञांनी इमारतीचे वर्णन करण्यासाठी तेरा लक्षणे ठरविली आहेत. भिंत वा सांगाडा कशाचा, भार कसा पेलला आहे, मजले किती, बांधकाम केव्हाचे, आकार सरळ की वेडावाकडा, शेजारच्या इमारतीस चिकटलेली की सुटी, छप्पर, मजल्यांची जमीन, पाया, इत्यादी. जगातील कोणत्याही घराचे वर्णन एकाच भाषेत व्हावे, हा त्यामागील हेतू आहे. मुर्ध्याचे कौलारू घर आणि नेपाळातील दगडी घर यांची तुलना त्यामुळे शक्य होते.

नेपाळचे उदाहरण आपणांस बोधप्रद आहे. काठमांडूच्या खोऱ्यात २०१२ पासून तरुण स्वयंसेवकांनी व विद्यार्थ्यांनी शाळा, रुग्णालये व इतर इमारती मुक्त नकाशावर नोंदविण्याचे काम केले. २५ एप्रिल २०१५ रोजी तेथे मोठा भूकंप झाला, तेव्हा ही तयारी मदतकार्यास उपयोगी पडली. तो शनिवार होता व शाळांना सुट्टी होती. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण त्या रिकाम्या होत्या. मुलांचे प्राण सुट्टीच्या दिवसावर अवलंबून राहू नयेत, एवढे तरी आपण यातून शिकले पाहिजे.

मर्यादा

कोणत्याही नव्या साधनाविषयी अवाजवी श्रद्धा बाळगू नये. जागतिक प्रतिमान मोठ्या प्रदेशाचे चित्र दाखविते. अमुक एक शाळा पडेल की राहील हे ते सांगत नाही. त्यासाठी त्या इमारतीची अभियंत्याकडून तपासणीच व्हावयास हवी. जुन्या जनगणनेवर आधारलेली माहिती वेगाने वाढणाऱ्या शहरांच्या बाबतीत मागे पडते. जेमची आज्ञावली पूर्णपणे मुक्त असली तरी नकाशे व माहितीच्या काही भागांच्या व्यापारी उपयोगावर बंधने आहेत. आणि रीत उघडी असणे म्हणजे उत्तर बरोबर असणे नव्हे. उघड्या रीतीचा लाभ तेव्हाच होतो, जेव्हा ती तपासणारा कोणी असतो. न वाचलेली उघडी वही बंद वहीसारखीच होय.

वर्गात करावयाचे काम

इयत्ता चौथी व पाचवीच्या मुलांकडून परिसर अभ्यास व गणित या दोन्ही विषयांच्या जोडीने पुढील काम करून घेता येईल. अलीकडेच एका शाळेत मी ते स्वतः करवून पाहिले आहे.

१. प्रत्येक मुलाने आपल्या घराची पाच लक्षणे लिहून आणावी: भिंत कशाची, सांधा कशाचा, छप्पर कशाचे, मजले किती, घर बांधून किती वर्षे झाली. सांधा व वय वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहावे. माझ्या त्या वर्गातील एका मुलीने प्रथम 'भिंत सिमेंटची' असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा म्हणाले, सिमेंट वरून लावलंय. आत दगड आणि माती आहे." एवढा एक धडा वर्गातील सर्व मुलांना पुरला.

२. फळ्यावर प्रकारवार संख्या मांडून शेकडेवारी काढावी व स्तंभालेख करावा. मुलांची किंवा घरमालकांची नावे फळ्यावर लिहू नयेत. कोणाचे घर दुर्बल आहे हे जाहीर करून कोणालाही कमीपणा आणणे हा या पाठाचा हेतू नाही.

३. वर दिलेले वाडीचे काल्पनिक गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. एक रकाना बदलला असता उत्तर कसे बदलते हे त्यांना स्वतः शोधू द्यावे.

४. शाळेची इमारत मुलांसह बाहेरून पाहावी. भिंतीला तिरके तडे आहेत काय, दारखिडक्यांच्या वर भिंतीतून सलग जाणारा काँक्रीटचा पट्टा आहे काय, कपाटे भिंतीस बांधलेली आहेत काय, बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय, हे लिहून घ्यावे. गिलावा खरवडण्याचा प्रयोग करू नये. आढळलेल्या गोष्टी मुख्याध्यापकांमार्फत शाळा व्यवस्थापन समितीपुढे लेखी ठेवाव्यात व वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवाव्यात.

५. मुलांना भय वाटेल अशी वर्णने टाळावीत. हादरा बसल्यास प्रथम डोके व मान झाकून बाकाखाली जाणे, खिडक्या व कपाटांपासून दूर राहणे, आणि हादरा थांबल्यावर रांगेने मैदानात जाणे, याचा सराव खेळासारखा घ्यावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, भूकंप रोखणे आपल्या हाती नाही. शाळेची भिंत बदलणेही एकट्या शिक्षकाच्या हाती नसते. परंतु ती भिंत जशी आहे तशी लिहिणे आपल्या हाती निश्चित आहे. जगातील मोठमोठ्या यंत्रांनी केलेला हिशेब शेवटी कोणीतरी कोठेतरी लिहिलेल्या एका साध्या नोंदीवर उभा असतो. किल्लारीच्या भिंती आत कशा आहेत हे त्या गावांतील गवंड्यांना व म्हाताऱ्यांना ठाऊक होते. ते ज्ञान नकाशा करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची वाट तेव्हा नव्हती. आज ती वाट तयार झाली आहे. पुढच्या वेळी घरयादीचे काम हाती येईल तेव्हा ओट्यावर न थांबता घरच्या वृद्धांस एक प्रश्न अवश्य विचारावा: "बाबा, या गिलाव्याच्या आत काय आहे?"